मागच्या दिव्यांवरचे जाळे

ज्याला न्याय हवा असतो तो पुरावा मागतो. ज्याला केवळ शिक्षा हवी असते तो सही मागतो. दो मानसॉक यांनी मो युनजूच्या खाजगी तपासाच्या कचेरीत पाऊल टाकले तेव्हा त्यांच्या हातात एक टंकलिखित माफीनामा होता आणि त्यावर फक्त सही व्हायची राहिली होती.

"म्हातारा सही करत नाही," दो म्हणाले. "कामगार खातं म्हणतं, पुरावा आणा. नाहीतर तुमच्याकडे आलोच नसतो."

कोरियातल्या देजॉन शहराच्या चोंगसोल वसाहतीतल्या सहाशे बिऱ्हाडांचे ते निर्वाचित अध्यक्ष होते. शिवाय चर्चमधले 'ज्येष्ठ', म्हणजे मानाचे पदाधिकारी. हे दुसरे त्यांनी आपण होऊन सांगितले.

युनजूचा कामातला जोडीदार बान गिलहो याने कागद उचलला. पोलिसांत तीस वर्षे काढलेला हा गृहस्थ कोणताही कागद आधी संशयाने आणि मग मोठ्याने वाचत असे. "'मी, पहारेकरी प्यो दॉक्सू, अध्यक्षांच्या मोटारीच्या मागच्या दिव्यांची झाकणं माझ्या हातून खराब झाली, हे कबूल करतो. ठाऊक असूनही मी गप्प राहिलो आणि संशय दुसऱ्यावर जाऊ दिला. त्याबद्दल क्षमा मागतो.'"

"दुसरा कोण?" युनजूने विचारले.

"गाड्या धुणारा चा. आधी मी त्यालाच हाकलणार होतो. हा थेरडा तोंडातून ब्र काढेना."

"आणि सही केली तर प्योंची नोकरी राहील?"

"कंत्राट शुक्रवारी संपतंय. सही केली तर गुपचूप जाईल, नाही केली तर गाजावाजा होऊन जाईल." दो हसले. "एवढी सवलत मी देतोय."

अडुसष्ट वर्षांच्या, नुकसानीचा ठपका घेऊन बाहेर पडलेल्या पहारेकऱ्याला दुसऱ्या कोणत्या वसाहतीने फाटकात उभे केले असते, याचा विचार करण्याची गरज अध्यक्षांना वाटली नव्हती. आज बुधवार होता.

वसाहतीच्या तळघरातल्या वाहनतळाची फरशी नुकत्याच रंगवलेल्या हिरव्या लेपाने आरशासारखी चमकत होती. खांबाखांबावर एकच सूचना होती: फरशीवर कोणताही द्रव सांडू नये, सांडल्यास दंड; खाली दो मानसॉक यांचे नाव. तीन महिन्यांची काळी मोटार कोपऱ्यात, तोंड बाहेर आणि पाठ भिंतीकडे करून उभी होती. वसाहतीच्या कॅमेऱ्याला तिचे नाक तेवढे दिसत असे.

मागच्या दिव्यांच्या तांबड्या झाकणांत केसासारख्या भेगांचे जाळे पसरले होते. युनजूने विजेरी तिरकी धरली. भेगा स्क्रूंच्या आसपास दाट होत्या, मध्यभागी विरळ. कोठे घाव नव्हता की टवका नव्हता. वरचा पृष्ठभाग तर नव्यासारखा लखलखीत होता.

"दगड नाही मारला," बान म्हणाला.

"स्टिकर काढायचं औषध!" दो म्हणाले. "चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांवर हा प्यो कागद डकवतो आणि त्या औषधानं काढतो. बाटली त्याच्या खोलीतच असते."

बानने ती बाटली मागवून तिच्यातला एक थेंब भंगारातल्या दिव्याच्या तुकड्यावर टाकला. क्षणात तेथे दुधाळ, खरखरीत डाग उठला. बोटही चिकटले. दो यांनी विजयी मुद्रेने मान हलवली. युनजू मात्र वाकून दिव्याखालची फट पाहत होती. त्या फटीतून मुंग्यांची एक बारीक रांग चालली होती.

"नोव्हेंबरात मुंग्या," ती पुटपुटली. "मागची डिकी उघडता?"

डिकी धुतल्यासारखी स्वच्छ होती, पण सुक्या मासळीचा मंद वास येत होता. तळाच्या गालिच्याच्या कडेला पांढऱ्या सुताचा एक धागा अडकला होता.

"किमचीचं सामान," दो घाईने म्हणाले आणि डिकी लावली. बानला ते पटले. हिवाळ्यासाठी किमची, म्हणजे कोबीचे लोणचे, घालायचे दिवस होते; सगळ्या शहरात कोबी, मीठ आणि खारवलेली कोळंबीच तर इकडून तिकडे चालली होती.

"गाडीत कॅमेरा आहे ना? उभी असतानाही चालतो तो?"

"चालतो. पण ऐन वेळी बंद. बॅटरी दगा देते, काय करणार?"

बानने त्याच जागी नोंदी तपासल्या. तीन संध्याकाळी वीस-वीस मिनिटांची पोकळी होती: तीन ऑक्टोबर, सतरा ऑक्टोबर, एक नोव्हेंबर. दरवेळी पावणेआठच्या सुमारास कॅमेरा बंद आणि आठनंतर पुन्हा सुरू. दो यांनी भेगांची छायाचित्रेही बरोबर त्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काढली होती.

गाड्या धुणारा चा बादली आपटतच आला. "अहो, चाळीस गाड्या धुतो मी. एकच साबण, तेच फडके. बाकीच्या एकोणचाळीस काय लोखंडाच्या आहेत? अध्यक्षांच्याच दिव्याला माझा साबण बरा चावतो!"

पहारेकऱ्याच्या खोलीत प्यो दॉक्सू कोणीतरी दिलेल्या ताज्या किमचीबरोबर भात खात होता. पाहुणे दिसताच तो उठून उभा राहिला आणि वाडगे पाठीमागे लपवू लागला.

"बसा हो काका, जेवा," बान म्हणाला.

"नको साहेब. जेवताना दिसलो की तक्रार येते."

युनजूने त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मग तिने विचारले, "काका, तुमची पाळी कशी असते?"

"एक दिवस पूर्ण, एक दिवस सुट्टी. तीन आणि सतरा ऑक्टोबरला होतो. एक नोव्हेंबरला नव्हतो, वहीत आहे. अध्यक्षसाहेब म्हणतात, सुट्टीतही येऊन केलं असेल."

"तुम्ही फेरी मारताना त्या गाडीजवळ कुणी दिसलं?"

म्हाताऱ्याने चमचा नीट आडवा ठेवला. "गाडीचं वाईट व्हावं म्हणून आलेलं कुणी दिसलं नाही, बाई."

"मग सही का नाही करत? सुटाल तरी."

"घरी नात आहे. मोठी झाल्यावर तो कागद तिच्या हाती लागला तर?"

युनजू भिंतीवरच्या बँकेच्या दिनदर्शिकेकडे बराच वेळ पाहत राहिली. तिथे पाहण्यासारखे आकड्यांखेरीज काहीच नव्हते: मोठे आकडे, आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरांत चांद्र तिथी.

अध्यक्षांच्या घरी त्यांची पत्नी नानयॉन हिने हिरव्या आलूबुखाराचे गरम सरबत दिले. सज्जात सासूबाईंनी गावाहून पाठवलेल्या बरण्या ओळीने होत्या.

"डावीकडच्यात साखरेचा पाक," ती म्हणाली. "उजवीकडची कडक दारूत मुरवलेली आहे, तीही गोडच. पण आमच्याकडे पीत नाहीत हं! हे चर्चमध्ये ज्येष्ठ आहेत. गुडघ्याला चोळायला म्हणून ठेवलीय."

"कुणाचा गुडघा दुखतो?"

"अजून तरी कुणाचा नाही." ती हसली, मग बरणीकडे पाहून थांबली. बरणी एक वीत उतरली होती.

"आधीची गाडी का विकली?"

"विकली कुठली! उन्हाळ्यात मागून ट्रकनं चेचली. ब्रेकचे दिवे दिसलेच नाहीत म्हणाला तो. हे जेमतेम वाचले. तेव्हापासून यांना झोप नाही. मी चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेले, की घरी एकटे बसून राहतात बिचारे."

"सराव किती वाजता?"

"साडेसात ते नऊ."

खाली उतरताना बान म्हणाला, "बाई, मला पहारेकऱ्याचंच वाईट वाटतंय. औषध त्याचंच, फेरीही त्याचीच."

"औषध टाकल्यावर तुकड्याचं काय झालं, दादा?"

"पांढरा पडला."

"आणि गाडीचे दिवे?"

बान जिन्यातच थांबला. "लखलखीत आहेत."

शुक्रवारी सकाळी वसाहतीच्या कचेरीत पाचजण जमले. प्योने गणवेशाची टोपी हातात धरली होती. नानयॉन नवऱ्याशेजारी बसली होती. टेबलावर माफीनामा होता.

"हे प्लास्टिक वरून शांत दिसतं," युनजू उभ्यानेच म्हणाली, "पण साच्यातून निघताना आणि स्क्रू आवळताना त्याच्या पोटात ताण कोंडलेला असतो. काकांचं औषध त्यावर पडलं असतं तर झाकण पांढरं होऊन विरघळलं असतं. इथं पृष्ठभाग शाबूत आहे आणि ताण जिथं जास्त, तिथंच तडे आहेत. हे कडक दारूचं काम. ती वरून काही बिघडवत नाही. आतला ताण तेवढा उघडा पाडते."

दो यांच्या बोटांतले पेन थांबले.

"दारू गोड होती, म्हणून मुंग्या आल्या. आता कॅमेरा. मेलेली बॅटरी वीस मिनिटांनी आपोआप जिवंत होत नाही. कुणीतरी किल्लीनं गाडी उघडून कॅमेरा बंद केला आणि मग पुन्हा चालू केला. किल्ली एकाच माणसाकडे आहे."

"बॅटरीचं म्हणाल तर..."

"तीन तारखांखाली दिनदर्शिकेत बारीक आकडे आहेत: एक, पंधरा, एक. प्रतिपदा, पौर्णिमा, प्रतिपदा. मासळीचा वास आणि पांढरं सूत. दादा, डिकीच्या तळाशी सुतात गुंडाळलेला सुका मासा कुठले लोक ठेवतात?"

बानने कपाळावर हात मारला. "माझ्या बापानं ट्रॅक्टरमध्येसुद्धा ठेवला होता! नव्या गाडीची पूजा, अपघात टळावा म्हणून! पण बाई, पूजेत दारू चाकांवर ओततात. दिव्यांवर कोण टाकतं?"

"चाकांवर ओतली तर फरशीवर ओघळेल. आणि फरशीवर काही सांडायला अध्यक्षांनी स्वतःच मनाई केलीय. म्हणून फडके भिजवून पुसली. कुठे? ज्या दिव्यांनी मागच्या वेळी दगा दिला होता, त्यांवर."

नानयॉनने नवऱ्याकडे पाहिले नाही. ती टेबलाकडे पाहत होती.

"चर्चचे ज्येष्ठ असून चोरून गाडीला नमस्कार केला, हा गुन्हा नाही," युनजूचा आवाज किंचितही चढला नाही. "भीती वाटली, हाही नाही. दारूनं तडे जातात, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, तेही मान्य. पण त्या तीन संध्याकाळी गाडीपाशी कोण होतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तरी तुम्ही आधी गाड्या धुणाऱ्याला धरलं, मग काकांना. स्वतःला एकदाही नाही. आपल्या हातून काही बिघडू शकतं ही शक्यताच तुमच्या यादीत नव्हती."

"प्यो," दो घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तू... तुम्ही पाहिलं होतं?"

"दोनदा, साहेब. खांबाआड वाकून नमस्कार करत होतात."

"मग बोलला का नाहीत? नोकरी जात होती तुमची!"

म्हातारा गोंधळला. "त्याचा तड्यांशी संबंध असेल, असं मला तरी कुठं वाटलं? आणि माणूस लपून देवाला काय मागतो, ते चारचौघांत सांगायचं नसतं."

युनजूने माफीनामा पुढे ओढला, 'पहारेकरी प्यो दॉक्सू' या शब्दांवर एक सरळ रेघ मारली आणि 'अध्यक्षांच्या' ऐवजी 'माझ्या' लिहिले. "बाकी मजकूर उत्तम आहे. 'माझ्या हातून खराब झाली. ठाऊक असूनही मी गप्प राहिलो. संशय दुसऱ्यावर जाऊ दिला.' अक्षरही बदलायला नको. आणि हे काकांचं नवं कंत्राट."

दो यांनी दाराकडे पाहिले. पेन नानयॉनने उचलले आणि त्यांच्या मुठीत ठेवले.

"करा सही," ती म्हणाली. "दोन्हींवर. मग घरी जाऊन ती बरणी आपण दोघं बघू."

त्यांनी सह्या केल्या.

प्योने आपले कंत्राट चौपदरी घडी घालून आतल्या खिशात ठेवले. माफीनामा त्याने घेतला नाही. टोपी डोक्यावर चढवून तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"अध्यक्षसाहेब, उद्या पौर्णिमा आहे. गाडी बाहेर मातीवर काढा आणि दारू चाकांवरच ओता, आपले म्हातारे ओतायचे तशी. रबराला काही होत नाही. उद्या माझी सुट्टी, पण लागलोच तर येईन. मागून येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच ना?"