बंड्या जरा सरकला

गाडी ताब्यात घ्यायला दोघं बहीणभाऊ गेली तेव्हा सकाळ लख्ख होती, आणि ताईंच्या मनात भुताखेतांचा विचार यावा असं काही कारणच नव्हतं. मनात फक्त गाडी होती. पिवळीधमक, बसकी, जमिनीला नाक लावून वास काढणाऱ्या कुत्र्यासारखी. दोन दारं, दोन जागा, आणि मागे सामानाला जेमतेम फट.

ताईंनी उभा जन्म ऑपरेशन थिएटरात माणसांच्या उशाशी बसून काढला होता. भूलतज्ज्ञ होत्या त्या. दुसऱ्याला झोपवायचं आणि आपण जागं राहायचं, हा त्यांचा पेशा. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आता मला वेगात जायचंय. परदेशी जायचं, स्पोर्ट्स कार भाड्याने घ्यायची, आणि या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत, मधली डोंगररांग ओलांडून, गाडी हाणत जायचं. सोबतीला धाकटा भाऊ.

भावाला विचारलं नव्हतं. त्याला विचारायची पद्धतच नव्हती. घरात त्याला बंड्या म्हणत, पण बंड म्हणून त्यानं आयुष्यात कधी केलं नाही. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक म्हणालं, ही फ्रेम मला शोभते, की हा म्हणायचा, शोभते. गिऱ्हाइकाची बायको म्हणाली, छे, मुळीच नाही, की हा म्हणायचा, तेही खरंच. साठी जवळ आली, डोक्यावरचे केस गेले, तरी ताईंनी "बंड्या" म्हटलं की तो हातातलं काम टाकून "ओ" द्यायचा.

त्याच्या बायकोनं मात्र आधीच अंग काढून घेतलं होतं. "वन्सं, दोनच जागांची गाडी ही काही संसारी माणसाची गाडी नव्हे," ती म्हणाली. "तुम्ही यांना खुशाल घेऊन जा. मी तेवढीच निवांत झोपेन."

बंड्याला त्या गाडीत बसवणं हेच एक काम झालं. डोकं आत घातलं तर पाय बाहेर, पाय घातले तर डोकं बाहेर. शेवटी गाडी देणाऱ्या माणसानं त्याला काखेत धरून, विहिरीत बादली सोडावी तसा आत सोडला.

"ताई, जमीन फार जवळ दिसते गं."

"जमिनीवरच चालते ती. विमान नाहीये."

दोन दिवस मजेत गेले. म्हणजे ताईंचे. बंड्याच्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी तो दाबतच होता. प्रत्येक वळणावर "हळू गं… हळू" म्हणत तो पाय असा रोवायचा, की संध्याकाळी उतरताना त्याच्या पोटरीत गोळे आलेले असायचे.

तिसऱ्या दिवशी घाट लागला, आणि जेवणं उरकून निघाल्यावर धुकं उतरलं. आधी समोरचं शिखर गेलं, मग झाडं गेली, मग गाडीचं पिवळं नाकसुद्धा दिसेनासं झालं. ओल्या दगडाचा आणि तापलेल्या ब्रेकचा वास आत येऊ लागला. आवाज म्हणावा तर फक्त इंजिनाचा, आणि तोही कुणी उशीखाली दाबून धरल्यासारखा.

एका वळणावर दिव्यांच्या उजेडात एक म्हातारा दिसला. उंच, अंगात लांब कोट, टोपी काढून हातात धरलेली. हात वर करून उभा. ताईंनी गाडी पुढे काढली. पुढच्या वळणावर म्हातारा होताच. तोच कोट, तीच टोपी.

"इथली माणसं एकसारखीच दिसतात, नाही?" बंड्या पुटपुटला.

त्याच्या पुढच्या वळणावर तो रस्त्याच्या मधोमध उभा होता. ताईंनी ब्रेक मारला, काच खाली केली आणि वॉर्डबॉयला झापावं तशा कडाडल्या, "अहो, मरायचंय का?"

म्हातारा वाकला. त्याच्या चेहऱ्यावर धुकं होतं. म्हणजे चेहऱ्यापुढे नव्हे, चेहऱ्यावर.

"ते झालं," तो नम्रपणे म्हणाला. "मला खाली जायचंय… दरीतल्या गावात."

"गाडीत दोनच जागा आहेत."

"चालेल… मी मावतो."

ताईंचा पाय गिअर टाकायला क्लचवर गेलाही होता. पण बंड्या हा बंड्या होता. कुणी उभं असताना आपण ऐसपैस बसून राहायचं, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. ताई नको म्हणायच्या आत तो अंग चोरून दाराकडे झाला आणि भिडस्तपणे बोलून गेला, "या ना. मी जरा सरकतो."

दार उघडलं नाही. बंद झाल्याचा आवाज मात्र आला. आणि रस्ता मोकळा होता.

गाडी पुढे निघाली. मग ताई हळूच म्हणाल्या, "बंड्या… तो मराठीत बोलला रे."

बंड्यानं पाय पसरले. तीन दिवसांत प्रथमच. पाठ टेकून, कोपर खिडकीवर ठेवून, तो जाड आवाजात म्हणाला, "दुसऱ्या गिअरमध्ये घे. पुढे खडी आहे."

खडी होती.

त्या दिवशी मुक्कामाला घाटातच एक खानावळ मिळाली. बंड्या गाडीतून एका झटक्यात उतरला, शेतातून घरी आलेल्या माणसासारखे बूट आपटत आत शिरला आणि वाढणाऱ्या बाईशी तिथल्या भाषेत घडाघडा बोलायला लागला. ती भाषा ताईंना येत नव्हती. बंड्याला तर चष्म्याच्या नंबरापलीकडे इंग्रजीही धड येत नव्हतं. बाई हसली, लाजली, आणि तिनं त्याच्यापुढे सूपचं अख्खं पातेलंच आणून ठेवलं. त्यानं ते संपवलं. घरी अर्धी पोळी जास्त झाली तर सोडा मागणारा माणूस तो!

"बंड्या, पुरे," ताई म्हणाल्या.

"नाही," बंड्या म्हणाला.

ताईंचा चमचा हातातच राहिला. हा शब्द या तोंडातून त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. म्हातारा रस्त्यावरून नाहीसा झाला तेव्हा त्या एवढ्या दचकल्या नव्हत्या.

पण ताई डॉक्टर. घाबरायचं असलं तरी आधी तपासून मग घाबरणाऱ्या. खोलीत गेल्यावर त्यांनी त्याला पलंगावर बसवलं, मनगट धरलं आणि डोळे मिटले. नाडी लागली. बंड्याची, लहानपणापासून ओळखीची, बारीक आणि घाईची, उशीर झालेल्या कारकुनासारखी. आणि तिच्या मागून… दुसरी. सावकाश, जड, घाट चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. एक ठोका… मग थांबून, पुढचा.

ताईंनी हात सोडला. दवाखान्यात न्यावं तर सांगायचं काय? भाऊ भरलेला आहे, जरा रिकामा करून द्या?

"बंड्या," त्या अगदी हळू म्हणाल्या, "आत… कोण आहे?"

तो खाली बघत राहिला. मग त्याच्या स्वतःच्या बारीक आवाजात म्हणाला, "आहेत एक गृहस्थ. तसे शांत आहेत. थंडी फार वाजते त्यांना."

"काय हवंय त्यांना?"

"घरी जायचंय. बायको वाट बघते म्हणतात. इतकी वर्षं हात करतायत, पण कुणी थांबतच नाही. आणि जे थांबतात ते…" तो ओशाळून हसला, "ते सरकत नाहीत."

"आणि तुला? तुला त्रास होतोय का?"

बंड्यानं मान वर केली. तो बोलला तेव्हा ताईंना आतल्या माणसापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

"खरं सांगू का ताई? बरं वाटतंय. मघाशी मी तुला नाही म्हणालो ना, ते त्यांनी नाही म्हटलं. मीच म्हटलं. ते फक्त मागे उभे होते."

ताईंची नजर त्याच्या शर्टावर गेली. भाऊ कॉलेजात असल्यापासून त्याचा शर्ट त्या निवडत होत्या. दुकानाची जागा त्यांनी निवडली, बायकोही जवळजवळ त्यांनीच. आपण याला सांभाळलं, असं त्या जन्मभर लोकांना सांगत आल्या होत्या. हा आत एवढा रिकामा राहिला, की कुणी परका येऊन बिनधास्त मावला, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"उद्या त्यांना पोचवू," त्या म्हणाल्या. "मग तू मला काय वाटेल ते म्हण. मी ऐकेन. पण एकटा म्हण."

झोप कुठली! भिंतीपलीकडून दोन जणांचं घोरणं ऐकू येत होतं, एक सुरात आणि एक बेसूर.

सकाळी धुकं विरळ झालं होतं. बंड्या रस्ता सांगत होता, ताई मुकाट्यानं वळत होत्या. दरीतलं गाव छोटंसंच होतं. शेवटच्या घरापुढे एक म्हातारी कपडे वाळत घालत होती. पिवळी गाडी थांबली तशी तिनं मान वर केली. बंड्या उतरला. टोपी नव्हती, तरी त्यानं डोक्यावरून टोपी काढल्यासारखा हात केला.

म्हातारी दचकली नाही, किंचाळली नाही. ओला टॉवेल खांद्यावर टाकून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिनं तोंड सोडलं. शब्द एक कळत नव्हता. पण नवऱ्याला उशीर झाल्यावर बायको जे बोलते, ते कुठल्याही भाषेत कळतं. कुठे होतास, ताट किती वेळा गरम करायचं, आणि असला अवतार कुणाचा घेऊन आलास! हे शेवटचं बोलताना तिनं बंड्याच्या टकलाकडे बोट दाखवलं, तेव्हा एवढ्या भीतीतही ताईंना हसू फुटलं. मग तिनं त्याला बाहीला धरलं आणि आत ओढून दार लावलं.

ताई गाडीत बसून राहिल्या. दारामागे काहीच हालचाल नव्हती. दोरीवरच्या शर्टांतून पाणी ठिबकत होतं. सगळे शर्ट पुरुषाचे होते, आणि लांब होते. ताईंनी घड्याळ पाहिलं. इतकी माणसं त्यांनी झोपवली होती, पण झोपलेला उठेल की नाही याची अशी धाकधूक त्यांना पहिल्या दिवशीही वाटली नव्हती. आपण काय केलं? हात धरून भावाला कुणाच्या दारात सोडून आलो? त्या दार ढकलायला उतरल्या, फाटकापर्यंत पोचल्या…

दार उघडलं. बंड्या बाहेर आला. खांदे पडलेले, चाल लगबगीची. मागे म्हातारी उभी होती. तिचा एक हात बाजूला, कोपरात वाकलेला, कुणाच्या तरी हातात हात घातल्यासारखा.

"ताई, चल ना," बंड्या बारीक आवाजात म्हणाला. "उगाच उशीर होतोय."

ताईंनी आधी त्याची नाडी धरली. एकच होती. मग त्या फाटकाला टेकून मनसोक्त रडल्या, आणि तो "अगं लोक बघतायत" म्हणत त्यांना रुमाल देत राहिला.

उरलेला प्रवास कसा झाला म्हणाल, तर छान झाला. ताई हळू चालवायला लागल्या. कुठे जेवायचं, कुठे थांबायचं, हे त्या आवर्जून बंड्याला विचारायच्या, आणि बंड्या म्हणायचा, "तू म्हणशील तसं." ताईंना थोडं वाईट वाटायचं, पण बरंही वाटायचं. दुसरा समुद्र आला. गाडी परत केली. विमानातही तो खिडकीची जागा सोडायला तयार होता. घरी पोचवताना ताईंनी त्याच्या बायकोला एवढंच सांगितलं, की याला अधूनमधून नाही म्हणायला लाव.

आठवड्यानं भावजयीचा फोन आला. दुपारची वेळ होती. पलीकडे पंखा फिरत होता, आणि कुणीतरी आतल्या खोलीत शीळ घालत होतं.

"वन्सं, कामात नाही ना? एक विचारायचं होतं. तुम्ही डॉक्टर म्हणून विचारते… हसू नका हं."

"नाही हसत. बोल."

"यांचं लहानपणी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं ना? तेव्हा तुम्ही शिकत होतात, तुम्हीच उशाशी उभ्या होतात म्हणे."

"हो. उजव्या कुशीला व्रण आहे त्याच्या. मग?"

भावजयीनं आवाज खाली आणला. शीळ थांबली होती.

"नाही, म्हणजे… तो व्रण आता डाव्या बाजूला कसा आला हो?"