पाइपातलं पाणी

पहिल्याच भेटीत त्याने तिच्याकडे शेण मागितलं.

मुलगी तशी कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. विझत आलेल्या निखाऱ्यावर एक फुंकर मारून ती जाळ करायची, म्हणून लहानपणीच घरच्यांनी तिचं नाव ‘ठिणगी’ पाडलं होतं, आणि पुढे तिच्या जिभेमुळे ते टिकलं. पण हे मागणं ऐकून तिनेसुद्धा आधी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. भुरभुर पाऊस पडत होता. गोठ्यासमोर एक मोटरसायकल उभी होती, तिच्या मागे काळ्या पाइपचं भलंमोठं भेंडोळं बांधलेलं होतं आणि दारात एक उंच तरुण रिकामी बादली घेऊन उभा होता. त्याच्या चष्म्यावर थेंब साचले होते, त्यामुळे आपण नेमकं कुणाशी बोलतोय हे त्याला बहुधा दिसतच नव्हतं.

“ताजं हवंय. बादलीभर,” तो अवघडून म्हणाला.

“तांबडीचं देऊ की पांढरीचं?”

“फरक... असतो?”

“असतो तर! पांढरी अनोळखी माणसाला काही देत नाही. लाथ सोडून.”

तो हसला. हसताना त्याचा पुढचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला दिसायचा. हे आपल्या लक्षात का आलं, म्हणून ठिणगीला स्वतःचाच राग आला. तिने तांबडीचं शेण बादलीत भरलं आणि बादली जरा आपटूनच त्याच्या पुढ्यात ठेवली.

तो घरोघरी गोबरगॅस बसवण्याचं काम करायचा. दुपारी गावातल्या झाडाखाली त्याने ते शेण पाण्यात कालवून सगळ्यांना समजावून सांगितलं. अंगणात टाकी बांधायची, शेणकाला आत सोडायचा, आत गॅस तयार होतो, तो पाइपने थेट शेगडीत येतो. ना धूर, ना सरपणाची वणवण.

“शेणाच्या वाऱ्यावर शिजवलेलं कुणाच्या घशाखाली उतरेल?” ठिणगीची आत्या मोठ्याने म्हणाली. सगळा जमाव हसला.

“आत्या, आत्ता तुमची चूल गोवऱ्यांवरच पेटते ना?” त्याने नम्रपणे विचारलं.

आता जमाव आत्यालाच हसला, आणि असं वर्षानुवर्षांत झालं नव्हतं. ठिणगीचे वडील दूर शहरात कामाला होते. घर चालायचं आत्याच्या हुकमावर. आत्या जिभेने फटकळ असली तरी भावजयीवर तिचा जीव होता, आणि ठिणगीची आई चुलीपुढे बसली की खोकून खोकून बेजार व्हायची. संध्याकाळी आत्याने त्या गॅसवाल्याला बोलावून घेतलं.

“बांध एकदाचं. पण वास आला, तर तुलाच त्या टाकीत सोडेन.”

अशी गावातली पहिली टाकी ठिणगीच्या अंगणात झाली. वीट त्याने स्वतः लावली, पाइप त्याने स्वतः जमिनीखालून नेला. दुसऱ्या गावच्या चालू टाकीतला शेणकाला त्याने पिंपात भरून आणला. दुधाला विरजण लावतात तसाच हाही लावावा लागतो, असं तो सांगत होता आणि आत्या अविश्वासाने मान हलवत होती. काला कालवायचं काम ठिणगीकडे होतं.

“काड्या वेचून काढा. एकही राहायला नको.”

“मुलगी बघायला जाता, तेव्हाही एवढ्याच चुका काढता का?”

“अजून कुठे गेलो नाही.”

“हं,” ठिणगी म्हणाली आणि खाली मान घालून भराभर काड्या वेचू लागली.

सुरुवातीचा गॅस जळत नसतो. तो त्याने सोडून दिला. मग एका सकाळी त्याने शेगडीला काडी लावली आणि निळी ज्योत गोल उभी राहिली. आई तिच्यापुढे नुसतीच बसून राहिली. दूध उतू जायची वेळ आली, तरी तिला एकदाही खोकला आला नाही. ठिणगीला एकदम रडू फुटलं, म्हणून ती पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर पळाली. तो दारातच होता.

“तुमचे डोळे काळे आहेत होय?” तो हळूच म्हणाला. “मला वाटायचं... लालच असतात. धुराने.”

ठिणगी पाणी आणायला निघाली, ती घागर न घेताच.

मग काम संपलं आणि तो दुसऱ्या गावांना गेला. काही दिवसांनी ज्योत फडफडू लागली, तेव्हा तिने फोन केला. तो आला. पाइपमध्ये वाफेचं पाणी साचतं, एवढंच कारण होतं. पाइपच्या सगळ्यात खालच्या टोकाला एक लहानशी तोटी होती. शेगडी बंद करायची, तोटी उघडायची, पाणी काढायचं, पुन्हा घट्ट फिरवायची.

“जमेल ना?”

“न जमायला काय झालं!”

पुढच्या वेळी ज्योत फडफडली, तेव्हा ती तोटीपाशी गेली. बसली. तोटीवर हात ठेवला... आणि उठून घरात आली.

“पुन्हा बिघडलंय,” ती फोनवर म्हणाली.

तो आला. पाणी काढलं, चहा प्याला, पाइपचे सांधे उगाचच तपासत बसला. मग हे होतच राहिलं. मोटरसायकलचा आवाज आला की ठिणगीचा हात आपोआप केसांकडे जायचा. आई सगळं बघत होती, पण बोलत नव्हती.

गावही बघत होतं. मात्र गावाला दिसत होतं ते निराळंच. टाकीसाठी सगळ्यांत उत्सुक होती शेजारची नवी सून. तिला दिवस गेले होते आणि धुरात बसलं की तिला भोवळ यायची. तिच्या सासूनेही हात झटकले. “यांचं सारखं बिघडतंय. आपल्याला नको ती कटकट.” पाठोपाठ बाकीची घरंही मागे सरली.

एका दुपारी तो न बोलावता आला. हसला नाही.

“उद्या सगळ्यांना इथे बोलावलंय, शेवटचं. कुणीच तयार झालं नाही, तर इथलं काम बंद. मला ऑफिसवाले लांब कुठेतरी पाठवतील.”

“तुमचा काय दोष?”

“माझाच आहे. पाइपचा उतार चुकला असणार. इतक्या ठिकाणी बसवले, असं कधी झालं नव्हतं.” तो आपल्या हातांकडे बघत राहिला. “उद्या सगळा पाइप उकरून काढतो. सगळ्यांसमोर. चूक झाली तर झाली म्हणायची.”

खरं काय ते सांगायला ठिणगीने तोंड उघडलं, पण चहा घेता का, एवढंच विचारलं. तो गेल्यावर तिच्या हातून भाकरी करपली. आपण त्याला जवळ आणत होतो की घालवत होतो? तो जाईल, या भीतीपेक्षाही त्याने स्वतःच्या हातांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तिला जास्त छळत राहिली.

सकाळी अंगण बायकांनी भरलं. ठिणगी नेहमीसारखी काला कालवत होती, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याने फावडं उचललं आणि पहिला घाव जमिनीत घातला.

“थांबा!”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

“उकरू नका. पाइप चांगला आहे. पाणी साचतं... आणि ते मी काढत नव्हते.”

“अगं, पण का?” आत्या ओरडली. “शिकवलं होतं ना त्याने?”

“शिकवलं होतं.” ठिणगीचे कान तापले. तिचा नेहमीचा तिखट आवाज कुठल्या कुठे गेला. “पण पाणी काढलं असतं... तर हे आले असते का?”

ठिणगी तोटीपाशी बसली, सगळ्यांदेखत ती उघडली, ओंजळभर पाणी भळकन जमिनीवर सांडलं आणि तिने तोटी पुन्हा घट्ट केली. आत आईने शेगडी पेटवली. “ज्योत स्थिर आहे गं!” आईचा आवाज आला, खणखणीत.

मग हशाचा जो काही स्फोट झाला!

“म्हणजे गॅस धडधाकट आहे, बिघाड पोरीत आहे!” कुणीतरी म्हणालं. शेजारची सून पोट सावरत पुढे आली. “सासूबाई, आता तरी हो म्हणा. मला तोटी शिकवा, मी रोज काढीन पाणी. माझा नवरा तर घरातच आहे.”

सासू हसू दाबत ‘हो’ म्हणाली. मग मागून आणखी एकीने हात वर केला, तिच्यामागून आणखी दोघींनी.

तो मात्र फावडं धरून तसाच उभा होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

आत्या कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर आली. “काय रे? पहिल्या दिवशी दारात येऊन शेण मागितलंस. आता काय हवंय, तेही सांगून टाक.”

“तुमची भाची,” तो म्हणाला. मग घाईघाईने, “म्हणजे... तिची इच्छा असेल तर.”

“इच्छा विचारतोय! इथे गावभर दवंडी पिटून झाली.”

तो ठिणगीकडे आला आणि त्याने हात पुढे केला. तिने आपले दोन्ही हात चटकन पाठीमागे लपवले. कोपरापर्यंत शेणकाला होता.

“थांबा ना... धुऊन येते.”

“राहू दे,” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने तिला ‘तू’ म्हटलं. “तसाच दे तू.”

तिने दिला.