पक्ष्यांचा रकाना

टेमघरला साजिदाआपांच्या टायपिंगच्या दुकानात तो पहिल्यांदा आला तो चुकूनच. त्याला जायचं होतं नाक्यावरच्या मोठ्या दुकानात, पण त्या शनिवारी ते बंद होतं. गल्लीत दोन्ही बाजूंनी कापडाचे लूम खडखडत होते, आणि त्यातूनही त्याला टाइपरायटरची टकटक ऐकू आली. आता एवढ्या गोंगाटात ज्याला टकटक ऐकू येते, त्याचे कान चांगलेच म्हणायचे. सत्त्याण्णव सालचा नोव्हेंबर होता.

"मराठी टायपिंग होईल ना? जरा अर्जंट आहे…"

"इथे सगळ्यांचंच अर्जंट असतं," मैना मान वर न करता म्हणाली. "ठेवा."

त्याने कागद ठेवले. दिघाशीच्या टेकडीपलीकडे लष्कराचा सामानाचा डेपो होता. तिथे नव्या शेड बांधायच्या होत्या, आणि त्याआधी आजूबाजूची झाडं, पाणी, पाखरं यांची पाहणी करून अहवाल द्यायचा होता. मग गावकऱ्यांची सुनावणी, मग परवानगी. अहवालाचं काम ठाण्याच्या एका कंपनीकडे होतं आणि हा त्या कंपनीचा माणूस.

मैनेने कागद चढवला, कार्बन घातला आणि बोटं सोडली. 'झाडे : काटेरी झुडपे. पाणवठे : निरंक. पक्षी : निरंक.'

'निरंक' म्हणजे काही नाही. सरकारी कागदांचा हा लाडका शब्द मैना डोळे मिटून टाइप करायची. पण आज तिचे हात थांबले. तिने वर गावाचं नाव पुन्हा वाचलं. दिघाशी, तिचंच गाव.

"हे कुणी लिहिलं?"

"माझ्या आधी होते त्यांनी. मी नवीन आहे. का, काही चुकलं?"

"तुम्ही दिघाशी पाहिलीय?"

"नाही… सोमवारी जाणार होतो."

"म्हणजे आधी अहवाल, मग पाहणी. छान पद्धत आहे हो तुमची!" तिने आता पहिल्यांदा मान वर केली. उन्हाने रापलेला, चष्म्याआड गोंधळलेला एक चेहरा तिच्याकडे बघत होता. "गावाचं अख्खं तळं आहे तिथे. भाजीपाला त्याच्यावर, गुरंढोरं त्याच्यावर. ते काय, डेपोवाल्यांनी खिशात घातलं? आणि पक्षी एकही नाही?"

"असतील एक-दोन…"

"मैनासुद्धा नाही?"

"मैना आहे तिथे?"

"जन्मापासून," ती म्हणाली. "माझंच नाव आहे ते."

मागच्या टेबलावर साजिदाआपा खुदकन हसल्या. त्याचे कान लाल झाले. पण माणूस लबाड नव्हता. त्याने हात पुढे करून मशीनमधला कागद मागितला.

"हे टाइप करू नका. मी बघून येतो आधी."

"बघायचं तर सकाळी सहाच्या आत यायला हवं. रविवारी मी घरीच असते…" बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मग सारवासारव केली. "कागदावर नाव घालायचंय. तुमचं काय?"

"केसरीनाथ. मोठं आहे जरा… ऑफिसात के. एन. म्हणतात."

"मी अख्खं टाइप करीन," मैना म्हणाली. "मला काही घाई नाही."

तो रविवारी आला. पुढच्या रविवारीही आला. थंडीभर येत राहिला.

तळ्यावर धुकं असायचं. मैनेची आत्या ठमाबाई काठावर धुणं घेऊन बसायची. धुणं दोनच लुगड्यांचं, पण ते आठ वाजेपर्यंत पुरायचं, कारण तरण्या पोरीला परक्या माणसाबरोबर एकटं सोडायला ठमाबाई काही खुळी नव्हती.

"ह्यो मानूस पाखरा मोजतो," ती मोठ्याने म्हणायची, "आन् त्याला त्याचा पगार मिलतो? आमी जल्मभर फुकटच बगतो."

केसरीनाथ हसायचा आणि वहीत लिहायचा. मैना नावं सांगायची. खंड्या, टिटवी, पाणकोंबडी, ढोकरी, वेडा राघू, कोतवाल. त्याच्याकडे एक जुनी दुर्बीण होती. तिचा पट्टा त्याच्या गळ्यातून तिच्या हातात यायचा तेव्हा उबदार असायचा, आणि त्या पट्ट्याची ऊब जाऊ नये असं मैनेला वाटायचं. असं वाटतं म्हणून ती स्वतःवरच चिडायची.

एकदा तिने त्याला दगडावरची साळुंकी, म्हणजे मैनाच, दाखवली. तपकिरी अंग, पिवळी चोच, झोकात चालणारी.

"लिहू? साळुंकी, एक?"

"थांबा. एक दिसली ना, की थांबायचं. दुसरी जवळपास असतेच. ती कधी एकटी राहत नाही."

"कधीच?"

"कधीच."

ते थांबले. बराच वेळ दुसरी काही आली नाही. केसरीनाथ साळुंकीकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत होता.

"माझ्या मते तर एकच आहे," तो हळूच म्हणाला.

"मग तुमची पाहणी कमी पडतेय," मैना म्हणाली. एवढ्यात चिंचेतून दुसरी साळुंकी खाली उतरली, आणि दोघांनाही हसायला निमित्त मिळालं.

फेब्रुवारीत तेवीस पक्ष्यांची यादी झाली. तळंही नकाशावर आलं. नव्या शेड नेमक्या तळं बुजवून होणार होत्या. त्या पलीकडच्या मुरमाड माळावर हलवाव्यात, असं केसरीनाथने अहवालात लिहिलं. कंपनीतले साहेब भडकले. तुला पाखरं मोजायला पाठवलं होतं की काम अडवायला, असं म्हणाले, आणि त्याची रवानगी चंद्रपूरकडच्या कामावर झाली. अहवालाचं पुढे काय होणार, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

अंबाडी नाक्यावर तो तिला सांगायला थांबला होता. एस.टी. यायची होती.

"साहेब बदलतीलही सगळं. पुन्हा 'निरंक' करतील," तो म्हणाला. "मी भांडीन. पण…"

"पण काय?"

"काही नाही." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी… पत्र लिहू?"

मैनेच्या मनात 'रोज लिहा' असं होतं. पण शेजारी गावातल्या चारजणी भाजीच्या पाट्या घेऊन उभ्या होत्या, कान टवकारून. "कामाचं असेल तर लिहा," ती म्हणाली.

तो सरळ माणूस. त्याला ते खरंच वाटलं. त्याने पत्र लिहिलं नाही.

त्या एका वाक्याने मैनेला आठ महिने छळलं. टाइप करताना 'क' दाबला की 'केसरीनाथ' पुढे यायचा. पोस्टमन गल्लीत शिरला की तिच्या बोटांच्या चुका व्हायच्या. पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं, पाणकोंबडीने पिल्लं काढली, आणि हे कुणाला सांगावं ते तिला कळेना. तिला त्याची फार आठवण येत होती. सरळ सांगायचं तर पोरगी झुरत होती.

साजिदाआपांना दिसत होतं. "मैना, वो पंछीवाला गेला तो गेला काय गं?" त्या विचारायच्या. मैना कागद बदलायची.

त्यातच गणपतीनंतर वाडा गावाहून स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, नाही म्हणायला काही नाही. तिचे वडील नामा दारात विडी ओढत म्हणाले, "काय सांगू त्यांना?"

"सुनावणी होऊ दे, बाबा. मग सांगते."

"सुनावनी? त्या डेपोची?" नामा बघतच राहिले. "पोरी, त्या सुनावनीचा आन् तुज्या लग्नाचा काय समंद हाय?"

"आहे," ती म्हणाली. यापेक्षा जास्त तिला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. अहवालात पाखरं असतील तर त्याला ते दिवस आठवतात, आणि 'निरंक' असेल तर सगळंच संपलं, एवढं तिने मनाशी धरून ठेवलं होतं. नामांनी वाड्याच्या मंडळींना सुनावणीपर्यंतची मुदत मागितली.

ऑक्टोबरात कंपनीचा एक शिपाई मराठी सारांशाचे हस्तलिखित कागद घेऊन दुकानात आला. अक्षर केसरीनाथचं. मैनेने पानं उलटली. पाणवठे : गावतळे, एक. शेड माळावर हलवाव्यात. पक्षी… तेवीसच्या तेवीस होते! म्हणजे तो साहेबांशी भांडला होता. तिने डोळे पुसले आणि यादीच्या शेवटाकडे आली. तिथे एक ओळ जास्त होती.

'२४. मैना. संख्या : १. हंगाम : बारमाही. शेरा : पाहणी अपुरी. पुन्हा येणे आवश्यक.'

साजिदाआपा खांद्यावरून वाचत होत्या. "अगं, साळुंकी वर सात नंबरला आलीय. मैना म्हणजे तीच ना? दोनदा झालं. काट एक."

"नाही आपा," मैना म्हणाली. "मूळ प्रतीत असेल तसंच टाइप करायचं. तुम्हीच शिकवलंत."

आपांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग मैनेकडे बघितलं, आणि गुपचूप चहा सांगायला निघून गेल्या.

सुनावणी डिसेंबरात झाली, दिघाशीच्या शाळेच्या पटांगणात. मांडवात सारा गाव. टेबलाशी जिल्ह्याचे एक अधिकारी, शेजारी डेपोचे मिशाळ मेजर, आणि कडेला अहवालांचे गठ्ठे लावत, सुनावणीपुरता चंद्रपूरहून आलेला केसरीनाथ. वाळला होता. त्याने सगळीकडे बघितलं, फक्त मैना बसली होती तिकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. चोवीस नंबरची ओळ तिने वाचली की नाही, वाचली तर हसली की रागावली, काय कळायला मार्ग होता?

गावकरी तळ्यावर बोलले. ठमाबाई तर दहा मिनिटं बोलली. शेवटी मेजर उठले. "हमको तालाब से क्या लेना-देना? हमको शेड चाहिए. उधर माळ पे बनाओ, चलेगा." लोकांनी टाळ्या पिटल्या. तळं वाचलं.

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. "आणखी कुणाची हरकत? की निरंक लिहू?"

"माझी आहे."

मैना उभी राहिली होती. केसरीनाथच्या हातातला गठ्ठा टेबलावर पडला.

"बोला, बाई."

"पान नऊ. क्रमांक चोवीस, मैना. संख्या एक लिहिलीय… ती चूक आहे."

अधिकाऱ्यांनी पान काढलं. "मग किती पाहिजे?"

"दोन," मैना म्हणाली. "मैना एकटी राहत नाही, साहेब. राहायचं नाही तिला एकटं."

मांडवात कुणीतरी हसलं. साजिदाआपा खास टेमघरहून आल्या होत्या, त्यांनी ओढणी तोंडाला लावली. अधिकारी वळले. "पाहणी कुणी केली ही?"

"मी, साहेब." केसरीनाथ उठला. आता मात्र तो तिच्याकडेच बघत होता. "त्या म्हणतात ते बरोबर आहे. दुसऱ्याची… मला खात्री नव्हती."

"आता आहे?"

"आता आहे."

"मग दुरुस्ती करा आणि सही करा. हरकत घेणाऱ्यांचीही सही लागेल शेजारी."

केसरीनाथने एकावर काट मारली आणि दोन लिहिले. सही केली, अख्खी, मोठीच्या मोठी. मैना टेबलाशी आली. त्याने पेन पुढे केलं. पेन उबदार होतं. तिने त्याच्या नावाला लागून आपलं नाव लिहिलं.

"पत्र का नाही लिहिलंत?" तिने खाली बघत विचारलं.

"कामाचं असेल तर लिहा म्हणाला होतात… कामाचं हे एवढंच होतं."

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. "चला. आता आणखी कुणाची हरकत?"

मैनेने वळून बघितलं. पुढच्या रांगेत नामा बसले होते. त्यांनी एकदा पोरीकडे बघितलं, एकदा त्या चष्मेवाल्याकडे, मग कागदावरच्या त्या दोन सह्यांकडे. ठमाबाईने त्यांना कोपराने ढोसलं. नामा सावकाश उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी सारखी केली.

"न्हाय साहेब," ते म्हणाले. "आमची कायबी हरकत न्हाय."

आणि अधिकाऱ्यांनी शेवटच्या रकान्यात लिहिलं, निरंक.