रंगाचा वास कुठे गेला?

त्या वर्षी मांगरात रंगाचा वास आलाच नाही.

मांगर म्हणजे पावसाळ्यात होड्या ठेवायची मोठी शेड. दर पावसाळ्यात बंदरवाडीतले लोक आपल्या अकरा होड्या तिथे ओढून आणत, भेगा बुजवत आणि नारळीपौर्णिमेच्या आधी त्यांना रंग देत. रंगाचा आणि थिनरचा (रंग पातळ करायच्या द्रवाचा) असा भपकारा सुटायचा, की दत्तूकाका खवळे नाकाला पंचा बांधूनच कुंचला हातात घेत. यंदा मात्र ते नाक मोकळं ठेवून गाणी म्हणत रंगवत होते. बारा वर्षांच्या सुरंगीला याचं नवल वाटलं. पण तिच्या डोक्यात तेव्हा वासापेक्षा मोठी काळजी होती, त्यामुळे ते नवल तिथेच राहिलं. कुणाला तरी विचारलं असतं, तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

काळजी होती विहिरीची. साल होतं २०६४. खाडीकाठच्या बंदरवाडीला गोड्या पाण्याची एकच विहीर. खाडीच्या वरच्या अंगाला रंगांचा एक कारखाना चाळीस वर्षं चालला आणि बंद पडला, पण जमिनीत मुरलेलं त्याचं सांडपाणी झिरपत झिरपत विहिरीपर्यंत पोचलं. पाण्याला जांभळट झाक आली. जलखात्यानं वाडीला एक संधी दिली होती. श्रावणात ‘नितळ’ नावाचा यंत्रमानव येऊन पाणी तपासणार. शुद्ध निघालं तर वाडी राहील. नाही निघालं तर विहिरीला टाळं, आणि माणसांची रवानगी डोंगरापलीकडच्या वसाहतीत. तिथून समुद्र दिसत नाही. ऐकूही येत नाही. सुरंगीला लाटांच्या आवाजाशिवाय झोप कशी लागते तेच माहीत नव्हतं.

तिचे आजोबा, आबा, त्याच कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ होते. “हे जांभळं मीच शिजवलंय गं,” ते एकदा म्हणाले होते, आणि मग दोन दिवस जुन्या वह्या चाळत बसले होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी परसातली करवंटी उचलली. “वाडीत नारळाला तोटा नाही. करवंट्या जमव.”

“करवंट्यांनी पाणी शुद्ध होतं?”

“करवंटीनं नाही, तिच्या कोळशानं. करवंटी उघड्यावर जाळलीस तर हाती राख येते. हवा जाऊ न देता भाजलीस तर कोळसा उरतो. तो पुन्हा लालबुंद तापवून त्यावर पाण्याची वाफ सोडायची. वाफ कोळसा आतून कुरतडत जाते, आणि डोळ्यांना दिसणारही नाहीत अशी लाखो छिद्रं पडतात. याला सक्रिय कोळसा (अंगभर सूक्ष्म छिद्रं पाडलेला कोळसा) म्हणतात.”

“आणि घाण त्या छिद्रांत अडकते? गाळणीसारखी?”

“गाळणीत मोठा कण अडतो. रंगाचा कण पाण्यात विरघळलेला असतो, तो कुठल्याही गाळणीतून निसटेल. इथे तो छिद्राच्या भिंतीला चिकटून बसतो. याला पृष्ठशोषण (पदार्थाच्या पृष्ठभागावर दुसरे कण चिकटणं) म्हणतात. जितक्या भिंती जास्त, तितकी चिकटायला जागा जास्त. एक ग्रॅम चांगल्या कोळशातल्या भिंती उलगडून पसरल्या, तर कबड्डीची सात मैदानं झाकतील.”

सुरंगीनं चुलीतला चिमूटभर कोळसा तळहातावर घेतला आणि त्यात सात मैदानं कुठे मावली असतील ते बघत बसली.

वैशाखात पहिला घाणा निघाला. त्यातून गाळलेलं पाणी काचेसारखं निघालं, आणि सगळी वाडी नाचली. सुरंगीनं त्यातला थोडा कोळसा शाळेच्या प्रदर्शनासाठी पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवला. मग घराघरातून, देवळातून करवंट्या आल्या. भट्टी पेटतीच राहिली. पाऊस पडायच्या आत चाळीस गोण्या भरल्या. आणि नेमके तेव्हाच आबा तापानं अंथरुणाला खिळले. “कोळसा कोरडा ठेवा,” एवढंच ते बोलू शकले. आषाढात कोरडी जागा एकच होती, मांगर.

श्रावणातल्या एका सकाळी नितळ आला. विहिरीशेजारच्या टाकीत वाळूचा थर, त्यावर चाळीस गोण्या कोळसा. दत्तूकाकांनी पंप सुरू केला. खालच्या तोटीतून पाणी आलं आणि सगळ्यांनी माना पुढे केल्या.

पाणी जांभळट होतं.

“पुन्हा गाळा,” तापातून नुकतेच उठलेले आबा म्हणाले. पुन्हा गाळलं. तीच झाक. नितळनं पेला आपल्या छातीतल्या कप्प्यात ठेवला. “रंग मर्यादेच्या नऊपट. पाणी अपात्र. वाडीनं आठ दिवसांत स्थलांतर करावं.” त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्तच लागला. मग त्यानं विहिरीवर लोखंडी झाकण बसवलं. उन्हाळाभराचे कष्ट, पालथ्या घड्यावर पाणी! सुरंगीची आई काठावर बसून रडली. आबा मात्र रडले नाहीत. ते टाकीतला ओला कोळसा मुठीत घेऊन नुसते बघत राहिले.

“तीच करवंटी, तीच भट्टी,” ते पुटपुटले. “वैशाखात चालला, आज का नाही?”

दत्तूकाका शेजारी येऊन बसले. “माका काय ता समजत नाय. मी तर इतकी काळजी घेतलंय. सगळ्या गोणींची तोंडां उघडून ठेवलंय, वारो लागाक. बंद गोणीत सुके बांगडे कुसतत, तसो कोळसोय कुसात म्हणून.” मग जरा थांबून ते स्वतःशीच म्हणाले, “देवाचा काय आसता बघा. औंदा रंगाचो वास पण येवक नाय. माका वाटला, औंदा सगळा बरा होतला.”

सुरंगी ताडकन उठली. “आबा! वास कुठे गेला?”

आबांनी मूठ उघडली. 

“कोळशात,” ते हळूच म्हणाले. “थिनरची वाफ हवेत उडते. तिचे कणही रंगासारखेच भिंतींना चिकटतात. तीन आठवडे हा कोळसा उघड्या तोंडानं मांगरातली हवा पीत बसला. विहिरीचं पाणी आलं तेव्हा जागाच उरली नव्हती. मी ‘कोरडा ठेवा’ म्हणालो. ‘तोंडं बांधा’ म्हणालोच नाही.”

दत्तूकाकांनी तोंडावर पंचा ओढला. वाडीतल्या सगळ्यांत मायेच्या माणसानं, मायेनंच हे केलं होतं. त्यांना बोल तरी कसा लावायचा?

सुरंगी घरी धावली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. पंपाजवळच्या बादलीत विहिरीचं पाणी उरलं होतं. तिनं डब्यातला कोळसा फडक्यावर ओतला आणि बादलीतलं पाणी त्यावर हळूहळू सोडलं. पेल्यात थेंब थेंब जमला. पाणी काचेसारखं नितळ होतं.

“तपास ना!” ती यंत्रमानवाला म्हणाली.

त्यानं तपासलं. “रंग नाही. थिनर नाही. जंतू आहेत, उकळून प्यावं. नोंद केली.”

“मग झाकण काढ.”

“एका पेल्यानं विहीर पात्र ठरत नाही. नवा अर्ज एका वर्षानं करता येईल.”

आता आबा रडले. हातातोंडाशी आलेला घास गेला होता, आणि तो किती जवळ आला होता हे त्या पेल्यात दिसत होतं.

आठव्या दिवशी ट्रक आले. भांडी, जाळी, देव चढले. सुरंगी निरोप घ्यायला मांगरात गेली, तर दत्तूकाका तिथे एकटेच होते. टाकीतला कोळसा उपसून त्यांनी पुन्हा गोण्यांत भरला होता आणि जाळ्याच्या दोरीनं एकेका गोणीचं तोंड आवळून बांधत होते. बांधून झाल्यावर प्रत्येक गाठ ओढून बघत होते.

“गो बाय,” त्यांनी वर न बघता विचारलं, “आता बांधून भरलेली भोकां मोकळी होतली?”

“नाही काका.” तिला खोटं बोलवेना. “पण पुन्हा लाल होईपर्यंत तापवून वाफ दिली, तर चिकटलेलं बरंचसं उडून जातं. आबा म्हणाले. सगळं नाही, पण पुष्कळ.”

“थय वसाहतीत भट्टी आसा?”

“नाही. बांधावी लागेल. नव्या अर्जाला वर्ष आहे.”

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. काकांनी चाळिसावी गाठ मारली, ती ओढून पाहिली आणि पहिली गोणी पाठीवर घेतली. सुरंगीनं दुसरीला हात घातला. ती जड होती, आणि लाटांचा आवाज अजून येत होता.