सुकलूची मूठ

लाइट गेली होती. नागभीडला रईस सरांच्या अंगणात स्वाती आणि तिचा भाऊ अश्विन विज्ञानाचं पुस्तक मिटून डास मारत बसले होते.

"सर, ह्या ऊती काऊन पाठ करा लागते?" स्वाती वैतागून म्हणाली. "कातडी, स्नायू, चेता... मेल्यावर सगळी मातीच ना!"

"धनराजले विचार," सर म्हणाले. "माझ्याच वर्गात शिकलेला. मागच्या कार्तिकातल्या अवसेची गोष्ट आहे. खोटी वाटली तर सिंदेवाहीकडं जाऊन त्याचा हात पाहून ये."

आणि त्यांनी सांगायला घेतलं.

धनराजची बांधी, म्हणजे धानाचं शेत, जंगलाला लागून. धान भरात आलं होतं आणि रानडुकरं एका रात्रीत सगळं लोळवून टाकत. म्हणून जेवण उरकून तो तारेचं भेंडोळं घेऊन निघाला. बांधावर उघडी तार ओढायची, मग विजेच्या खांबावर आकडा टाकायचा. तिकडं बरेच जण करतात. बोलत कोणी नाही.

आदल्या वर्षी त्याच तारेत डुक्कर नव्हे, सुकलू सापडला होता. शेजारच्या टोल्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा, उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच असलेला. पहाटे धनराज पोचला तेव्हा सुकलूच्या मुठीत तार होती. आकडा काढला, तरी मेलेली मूठ सुटेना. तेव्हा त्याला वर्ग आठवला. स्नायूला फक्त आकसता येतं, ढकलता येत नाही. आणि त्याची ओढ हाडापर्यंत नेतो तो स्नायूरज्जू, दोरीसारखा चिवट. दोरी तुटली की ओढ संपली. त्यानं विळा घेतला आणि मनगटाच्या आतल्या बाजूनं चीर दिली. बोटं लोंबली. मग प्रेत जंगलात ओढून टाकलं. वाघानं मारलं, असंच सगळे म्हणाले.

सुकलूची बायको सोडून. मयतीच्या दिवशी नीलाबाईनं नवऱ्याचा हात उचलून धनराजपुढं धरला.

"वाघ फाडते, भाऊ. असा कापत नाई."

"बाई, तुमचं डोकं ठिकाणावर नाई."

"माझं राहू दे. तो आपलं घ्याले येईन."

आता अवसेच्या अंधारात तार ओढून झाली होती. आकडा अजून धनराजच्या खांद्यावरच होता. म्हणजे तारेत वीज नव्हती. ताणून पाहायला त्यानं ती उजव्या हातात धरली.

बोटं मिटली.

उघडेनात. झटका नाही, चटका नाही. फक्त मूठ. मेंदू सांगत होता, सोड. हात ऐकत नव्हता.

त्यानं डाव्या हातानं खांदा चाचपला. आकडा तिथंच.

"कोन आहे?"

...

मनगटाला काहीतरी लागलं. थंड. ओल्या मातीचा वास. हात होता. पण त्याला धरता येत नव्हतं. बोटं नुसती घासत होती. लोंबकळत. परत परत.

एक बोट अर्धं.

"सुकलूभाऊ..."



बोटं मनगटाच्या आतल्या बाजूला थांबली. बरोबर तिथंच.

"चुकलं ना भाऊ... लेकरं आहे मले..."

कातडीखाली काहीतरी सरकलं. पायजम्यातून नाडी ओढावी तसं. हळू.

मग दुसरं...

सकाळी तो बांधावर बसलेला सापडला. जिवंत. तार बाजूला पडली होती. उजव्या हाताची पाचही बोटं लोंबत होती.

चंद्रपूरला डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला. कातडीवर ओरखडा नाही. टोचलं की दुखे, म्हणजे चेता शाबूत. कोपराखालचे स्नायू आकसत होते. हाडं धड. "पण ओढ बोटांपर्यंत नेणारं आत काहीच नाही," डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा पाहू लागले.

सर थांबले. स्वातीनं आपलंच मनगट घट्ट धरलं होतं.

"अन् सुकलू?" अश्विननं हळूच विचारलं.

"त्याच पहाटे नीलाबाईनं कोपऱ्यातली त्याची कुऱ्हाड उचलली. तो गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता तिले. दांड्यावर ओला चिखल. उजव्या हाताचा ठसा, एक बोट अर्धं."

सरांनी अंधारात मूठ वळली.

"इतका घट्ट धरलेला, का धावड्याचं टणक लाकूड दबलं होतं."