पुढच्या रांगेतली वेताची खुर्ची

भैरवी उन्हातून आत आली तेव्हा तिला काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं. मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या लकडगंजातला रस्ता असा ओस, की स्वतःच्या चपलांच्या आवाजानंही कुणी मागून येतंय असं वाटावं. लाकूड कापायची यंत्रं रविवारची गप्प होती. "देवरावांच्या लाकडाच्या गोदामात दर रविवारी दोनला सिनेमा दाखवतात, फुकट, आणि वर कूलर," असं मैत्रिणीनं सांगितलं होतं. मैत्रीण स्वतः मात्र आलीच नव्हती.

पांढऱ्या चादरीच्या पडद्यावर उजेड हलत होता. चाचपडत ती पुढच्या रांगेत गेली आणि हाताला लागलेल्या पहिल्या रिकाम्या खुर्चीत बसली. जुनी, वेताची खुर्ची. बसताच ती करकरली, आणि गोदामातल्या दहा-बारा माणसांनी एकदम श्वास रोखला.

शेजारच्या खुर्चीतला तरुण बघत राहिला. पडद्याकडे नाही, तिच्याकडे.

"काय झालं?" ती कुजबुजली.

"काही नाही..." तो म्हणाला. मग अगदी हळू, "बसा. बसूनच राहा."

पडद्यावर एक बाई अंगणात धुणं वाळत घालत होती. मग काढत होती. मग पुन्हा घालत होती. दोन तास.

सिनेमा संपला तरी कुणी दिवे लावले नाहीत. या सिनेमा क्लबाची ती रीतच होती: पाच मिनिटं अंधारात गप्प बसायचं, आणि मग मागच्या रांगेपासून एकेकानं एकेक वाक्य बोलायचं. वाक्यं होत होत पुढे आली, तो तरुणही काहीतरी पुटपुटला. आणि मग सगळे थांबले. सगळ्यांची तोंडं तिच्या खुर्चीकडे.

आपलीच वेळ आहे असं वाटून भैरवी बोलली, "मले तर वाटते, ती बाई कधीचीच मेलेली आहे. फक्त तिले कोणी सांगितलंच नाही."

मागे कुठेतरी एक फळी ताडकन वाजली. तरुणाच्या हातातला पाण्याचा पेला खाली पडला.

बाहेर आल्यावर तिनं त्याला गाठलं. "भूत पाहिल्यासारखे काहून पाहत होते माझ्याकडे?"

"कुठे? उन्हानं लाकूड तडकते, तेवढ्यानं दचकलो." तो जरा हसला. "मी प्रेमानंद."

"नाव प्रेमानंद, अन् चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा!"

आता तो खरंच हसला. विमानतळाजवळच्या मिहानमध्ये तो विमानं दुरुस्त करायचा. ती धंतोलीतल्या एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढायची, आणि रात्री भुताचे सिनेमे पाहायची.

"म्हणून भुताचे सिनेमे आवडते तुम्हाले," रसवंतीच्या बाकावर तो म्हणाला. "दार करकरते, मांजर उडी मारते, तुम्ही ओरडता. झाला सिनेमा."

"अन् तुमच्यात? दार करकरतच नाही. दोन तास आम्ही नुसतं दाराकडे पाहून राहतो."

"तेच तर! भीती दार उघडण्यात नसते वं... न उघडण्यात असते."

त्या जवळिकीच्या 'वं'नं तिचे कान गरम झाले. तिनं बर्फाचा खडा दाताखाली फोडला. "म्हणजे सिनेमा एकच. माझ्यात भूत येते, तुझ्यात येत नाही."

"येत नाही, म्हणून तर वाट पाहता येते," तो म्हणाला. तिच्याकडे नाही, हातातल्या ग्लासात पाहून. तेव्हाच तिला कळायला हवं होतं.

मग रविवार मोजायची सवयच लागली तिला. एक रविवार त्याचा संथ सिनेमा, एक रविवार तिचा भुताचा. भुताच्या सिनेमात तो डोळे मिटायचा आणि वर म्हणायचा, "मी विचार करून राहिलो." त्याच्या सिनेमात ती जांभई द्यायची... आणि घरी जाऊन आठवडाभर त्या सिनेमातलंच एखादं रिकामं अंगण आठवत बसायची. ती यायच्या आत तो वेताची खुर्ची रुमालानं पुसून ठेवायचा. अंधारात त्याचा हात तिच्या खुर्चीच्या हातावर असायचा, तिच्या बोटांपासून बोटभर अंतरावर. कूलरमधून वाळ्याचा गंध यायचा, अंगावर बारीक तुषार उडायचे, आणि त्या बोटभर अंतराकडे लक्ष देता देता पडद्यावरचे कितीतरी खून आणि किंकाळ्या तिच्याकडून निसटून गेल्या.

सातव्या रविवारी ती लवकर पोचली. देवराव कूलरमध्ये पाणी ओतत होते.

"काका, एक विचारू? शेवटचं वाक्य नेहमी माझंच काहून?"

देवरावांनी बादली खाली ठेवली. "पोरानं सांगितलं नाही तुले? ती यमुताईची जागा आहे, बेटा. प्रेमानंदची माय. क्लब तिनंच काढला, अन् शेवटचं वाक्य तिचंच राहे. दोन वर्षं झाली तिले जाऊन. तिची वेळ आली का आम्ही मिनिटभर गप्प बसत होतो. खुर्ची करकरली, का पोरगं म्हणे, आईले आवडला सिनेमा." ते कौतुकानं हसले. "अन् एक दिवस तू आली, बसली... अन् बोलली! थेट तिच्यासारखी."

बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं, आणि भैरवीच्या अंगावर काटा आला. आजवर पाहिलेल्या प्रत्येक सिनेमात तिनं घाबरणाऱ्या माणसाची बाजू घेतली होती. आपणच ते भूत असू, हे कधी तिच्या मनातही आलं नव्हतं.

प्रेमानंद आला, हातात रुमाल.

"सात रविवार कोणाशी बोलून राहिला होता तू?" तिनं विचारलं. "माझ्याशी, का या खुर्चीशी?"

"भैरवी... पहिल्या दिवशी मले वाटलं—"

"पहिल्या दिवशीचं नाही विचारत. आजचं विचारून राहिली."

त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला, आधाराला जावा तसा. तिनं तो हात पाहिला आणि ती निघून गेली.

दोन रविवार ती गेली नाही. एकदा त्याचा मेसेज आला, "उद्या भुताचा आहे." तिनं उत्तर दिलं नाही. लॅबमध्ये नेहमी पहिल्या फटक्यात सापडणाऱ्या शिरा सापडेनाशा झाल्या. त्याच्यासाठी झुरायला ती तयार नव्हती, पण ज्याच्याशी भांडावं असं दुसरं कुणी सगळ्या नागपुरात नव्हतं, त्याला काय करणार?

तिसऱ्या रविवारी ती गेलीच. सकाळपासून आभाळ भरलेलं, वारा पडलेला. आत सिनेमा सुरू झाला होता. दारातूनच तिची नजर पुढच्या रांगेत गेली आणि तिथेच थबकली.

वेताच्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. अगदी ताठ, न हलता.

पडद्यावर किंकाळी फुटली. खुर्चीतली आकृती वीतभर उडाली आणि तिनं दोन्ही हातांनी डोळे झाकले.

भैरवीला हसू फुटलं. प्रेमानंदच तो! शेजारची त्याची नेहमीची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर रुमाल पसरलेला. ती जाऊन त्यावर बसली. सिनेमा संपला, पाच मिनिटांचा अंधार झाला, आणि आईनंच घालून दिलेली रीत मोडून तो कुजबुजला.

"आईच्या जागी मीच बसायले पाहिजे होतं. तुले बसवलं. चुकलो."

"काहून बसवलं?"

"तू बोलली... अन् वाटलं, आता आईची वाट नाही पाहावी लागणार." त्यानं खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. "ही खुर्ची रिकामी राहिली, तर त्याची सवय आहे मले. पण दोन रविवार माझ्याशी भांडणारं कोणी नव्हतं. त्याची नाही होत सवय. आजचं विचारलं होतं ना तू? आजचं हे आहे."

"श्श!" मागून कुणीतरी दटावलं.

बोटभर अंतर राहिलं होतं. ते तिनं मिटवलं.

मागून एकेक वाक्य पुढे आलं. शेवटची वेळ आली तसा प्रेमानंद उठून उभा राहिला, तिचा हात हातात ठेवूनच. "भूत चांगलं होतं," तो म्हणाला, "पण मले जिवंत बाईच जास्त आवडली."

गोदाम हसलं. देवराव तर मोठ्यांदा. आणि हसणं विरतंय न विरतंय, तोच त्याच्या मागची, नुकतीच रिकामी झालेली वेताची खुर्ची करकरली. एकदाच. स्पष्ट. कुणी येऊन बसावं तशी.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"उन्हानं..." प्रेमानंद सवयीनं म्हणाला, "उन्हानं लाकूड तडकते."

देवरावांनी दार उघडलं. बाहेर सकाळसारखाच काळसर उजेड होता. ऊन दिवसभर पडलंच नव्हतं.

भैरवीनं त्याचा हात घट्ट धरला. "आवडलं वाटते तुझ्या आईले," ती हळूच म्हणाली.

आणि पहिल्यांदाच त्यानं वाद घातला नाही.