रुतलेली पट्टी

चार इमारतींच्या मागे सगळ्यांची मिळून एक बाग होती. वाफे वाटून घेतलेले, झाडं मात्र सामाईक. तिथे कलम बांधायचं तर घरातल्या जुन्या सुती कपड्याची पट्टी फाडून बांधायची, अशी रीत होती. सुती कापड पावसापाण्यात कुजतं, आपोआप गळून पडतं, सोडायची आठवण कुणाला ठेवावी लागत नाही. आळशी माणसांनी पाडलेली रीत, पण कामाची.

कप्तान मात्र हट्टी. बसवर ड्रायव्हर होते म्हणून बागेतले सगळे त्यांना कप्तान म्हणत, आणि त्यांची बायको निवृत्त नर्स म्हणून सिस्टर. कप्तानांनी आंबट आंब्याच्या दोन फांद्यांवर गोड आंब्याच्या काड्या बांधल्या. एक आपल्या ड्युटीच्या खाकी शर्टाच्या पट्टीनं, दुसरी सिस्टरच्या निळ्या साडीच्या.

"एक माझं, एक तुझं. बघू कोण आधी फळतं!"

"अहो, टेरिकॉट आणि नायलॉन ते. जन्मात कुजायचं नाही."

"मग टिकेल की!" म्हणून हसले. आता या माणसाशी काय बोलणार? दोन्ही कलमांना पालवी फुटली तेव्हा तर त्यांनी बागभर मिरवून घेतलं.

पुढच्या वर्षी कप्तानांना गळा आवळल्यासारखा वाटायला लागला. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, फोटो काढले; आत काही नाही. बाहेर मात्र कॉलरच्या जागी गोल तांबूस वळ उठला होता. सिस्टरनी उभा जन्म वॉर्डात काढलेला, पण असा वळ त्यांनी कधी पाहिला नव्हता. आधी घास उतरेना, मग पाणीही उतरेना. रात्रंदिवस त्या श्वासाची घरघर ऐकून सिस्टर पार खचल्या.

एका दुपारी वाफ्याला पाणी घालताना त्यांचं आंब्याकडे लक्ष गेलं. खाकी पट्टी सालीत रुतून बसली होती. फांदी तिच्या वर फुगलेली, खाली फुगलेली, आणि कडेला सालीची बारीक दुमड. तशीच दुमड कप्तानांच्या वळाच्या कडेला होती.

"वेड लागलंय मला," त्या स्वतःशी म्हणाल्या आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी साल आणखी चढली होती. घरी वळ काळा पडला होता.

त्यांनी ड्रेसिंगचं ब्लेड नेलं आणि पट्टी कापली.

काडी अलगद हातात आली. वरचं लाकूड आणि खालचं लाकूड कधी जुळलंच नव्हतं. मधली जागा कोरडी ठणठणीत. मग इतके दिवस ती पालवी कशावर जगली?

घरी कप्तान उठून बसले होते. गळ्यावर वळ नव्हता.

"अगं, किती मोकळं वाटतंय!" त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "अर्धा कप चहा टाक बघू."

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. चहा घेऊन आल्या तेव्हा कप्तान भिंतीला टेकून खिडकीकडे बघत होते. चहा निवला तरी बघतच होते.

महिने गेले. सिस्टरना ब्लाउजचा गळा घट्ट व्हायला लागला. शेजारच्या शिंपीभाऊंनी तो उसवून सैल करून दिला. तरी घट्टच. मग आरशात वळ दिसला.

त्या बागेत गेल्या. निळी पट्टी अर्धीअधिक सालीत गेली होती. ठेवावी तर रोज थोडं थोडं गुदमरायचं, कापावी तर... त्या मागे सरल्या. एकटं जगण्यात काय राहिलं होतं म्हणा, पण मरायची भीती वाटायची ती वाटतच होती.

"माझ्या कलमाला हात लावू नका," त्यांनी शिंपीभाऊंना बजावलं.

"का हो?"

"असू दे."

काय सांगणार? आणि कुणाला पटणार?

पातळ दूधसुद्धा कष्टानं उतरायला लागलं. तशातही रोज सकाळी त्या झाडाखाली जाऊन बसायच्या. ज्या दिवशी अंथरुणातून उठवेना, त्या दिवशी संध्याकाळी शिंपीभाऊ दारात उभे राहिले. एका हातात कात्री, दुसऱ्यात निळ्या नायलॉनचं वेटोळं.

"रागावू नका, सिस्टर. झाड गुदमरत होतं हो. कप्तानांची आठवण म्हणून तुमचा हात धजेना, कळतं मला. म्हटलं, आपणच सोडवावं."

सिस्टरनी गळ्याला हात लावला. कातडी गुळगुळीत लागली.

श्वास थेट तळापर्यंत गेला.

"किती मोकळं वाटतंय," त्या म्हणाल्या. म्हणायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलं.

"बघा! चेहराच बदलला तुमचा." शिंपीभाऊ खूश झाले. "पडून राहा, मी चहा टाकतो."

स्वयंपाकघरात कप वाजले. पाणी उकळल्याचा आवाज आला.

"साखर किती घालू, सिस्टर?" त्यांनी आतून विचारलं. आणि जरा थांबून पुन्हा विचारलं.